एकवीस दिवस न वाजलेला कप

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय बिसनलालजी, मुख्य कार्यालयातून एवढ्या लांब आलेले खेमराज साहेब, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आपले ईश्वरदास सर, आणि भाषणं कधी संपतात अन् बुंदी कधी येते याकडे डोळे लावून बसलेले माझे दवनीवाड्याचे गाववाले, सगळ्यांना मातीकाम केंद्रातली सगळ्यात जुनी बाई प्रेमिला हात जोडून नमस्कार करते.

सर एकोणीसशे नव्याण्णव साली इथं आले, ते हातात एक सरकारी पत्र घेऊन. त्यात लिहिलं होतं, ‘स्थानिक मातीच्या भांड्यांवर चकाकी यशस्वीरीत्या बसेपर्यंत हे केंद्र सुरू ठेवावे.’ आता बोला! बसेपर्यंत. म्हणजे बसली की कुलूप. पण तेव्हा ते वाक्य नीट वाचलं कोणी? सर तर म्हणाले, महिनाभरात बसवतो.

चकाकी म्हणजे काय, तर भांड्यावर चढवलेलं काचेचं पातळ कातडं. आपल्या तळ्याची लाल माती कमी आचेची. भट्टी थंड होताना माती आकसते थोडी आणि चकाकी आकसते जास्त. मग बाळंतपणानंतर लग्नातलं पोलकं घालायला गेलं की जे होतं, तेच होतं. चकाकी तटतटते आणि तडकते. तडकताना वाजते. टिंग! तेही एकदा नाही, पंधरा-पंधरा दिवस कपाटात टिंग टिंग चालूच. पहिल्या भट्टीला आपल्या चौकीदार उदारामभाऊंनी आत भूत आहे समजून कपाटापुढे नारळ फोडला होता. हो ना भाऊ? आता कायले मान खाली घालता!

म्हणून सरांनी नियम केला. कप एकवीस दिवस टेबलावर ठेवायचा आणि आम्ही आठ बायांनी आळीपाळीनं त्याला कान लावून बसायचं. ब्र काढायचा नाही. रस्त्यावरून एसटी आली की सर आडवे उभे राहून इंजिन बंद करायला लावत. ड्रायव्हर विचारायचा, “काऊन जी मास्तर, कोणी मेलं काय?” सर म्हणत, “अजून नाही. आज एकोणिसावा दिवस आहे.” श्यामलालभाऊंच्या पोरीच्या लग्नात वरातीचा बँड केंद्रापासून तळ्यापर्यंत नुसते गाल फुगवत गेला. हसू नका, तुम्हीच नाचत होता त्या वरातीत, बिनआवाजाचे!

अशा आठ वर्षांत किती भट्ट्या झाल्या, देव जाणे. प्रत्येक कप वाजला. त्यात चहा ओतला की दोन दिवसांत तपकिरी रेघांचं जाळं दिसायचं. सर नवीन वजनं करत, नवीन पूड चाळत. माणूस थकला, पण थांबला नाही.

आता जे सांगते, ते साहेबांनी कृपा करून लिहून घेऊ नये. दोन वर्षांपूर्वी राइस मिलमधून भांडी घासायला धानाच्या तुसाची पांढरी राख आणली होती. मी ती चाळून चकाकीत घातली, चांगली वाटीभर. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आधी अर्ज मागितला असता. कप निघाला. पहिला दिवस चूप. दहावा चूप. एकविसावा चूप. मले आनंदानं रडू आलं, अन् तेव्हाच ते पत्र आठवलं. बसेपर्यंत! बापा रे, आठ बायांच्या आठ चुली.

तोवर सरांच्या कानांनी दगा दिला होता. मोठ्यानं बोललेलं ऐकू यायचं, टिंग काही येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “वाजला का, प्रेमिला?” मी म्हटलं, “वाजला जी. वाजूनच राहिला.” चांगला कप बिघडवायला मन होईना, म्हणून राख मी चोरून घालतच राहिले. त्यानंतर दोन वर्षं एकही कप वाजला नाही आणि आम्ही आठ जणी एका सुरात सांगत राहिलो, वाजला. आमच्यातल्या रेणूनं तर एकदा चमच्यानं वाजवून दाखवला. डोळे वटारू नको रेणू, आता सांगून झालं. सरांनी तो पहिला ‘नापास’ कप टाकून दिला नाही. त्यातूनच रोज चहा प्यायला लागले. आत्ताही तोच आहे त्यांच्या हातात.

मघाशी साहेबांनी जाहीर केलं, प्रयोग अपुरा आहे, म्हणून केंद्र आणखी पाच वर्षं चालणार, नवीन सर येणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कारपत्र वाचलं, ‘यश लाभले नाही, तरी प्रयत्न थोर.’ तेव्हा सरांनी मान खाली घातली. ते मले पाहवलं नाही जी. सर, तुम्ही हरलेले नाहीत! चकाकी बसली, दोन वर्षांपूर्वीच बसली. आम्ही पोटासाठी तुमचं यश झाकून ठेवलं. साहेब, केंद्राला कुलूप लावायचं तर लावा, पण ते सत्कारपत्र बदला.

थांबा, सर उठले. टेबलावरचा, शेवटच्या भट्टीतला नवा कप उचलला. कानाला लावला, तोही डाव्या, जो उजव्याहून बहिरा आहे. श्श! बुंदीवाल्या दादा, झारा थांबवा जरा...

काय म्हणता सर? माईकमध्ये बोला.

सर म्हणतात, “साहेब, वाजला. स्पष्ट वाजला. पाच वर्षं तर लागतीलच.”

आणि मी आत्ता पाहून राहिले, सरांचा तो चहाचा कप. दोन वर्षं रोज चहा, आणि आत एक तपकिरी रेघ नाही. पांढरा स्वच्छ. माय वं! आम्ही आठ जणी त्यांच्या कानांवर विसंबलो, त्यांना डोळे आहेत हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

सर, काय बोलू? मांडव, माईक आणि बुंदीसाठी ज्यांनी हातभार लावला, त्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून काही खोटं गेलं असेल, आणि गेलंच आहे असं सर म्हणतात, तर साहेबांनी ते पोटात घालावं. मीही ऐकला जी. टिंग.