शिवाप्पाच्या नावचं मत

माझं माहेर दुधनीचं, कानडी बोलत वाढले, लगीन होऊन हिकडं मंगळवेढ्याच्या अंगाला आले तवा मराठी शिकले, आन सासूच्या हाताखाली बाळंतपनं शिकले. ह्या गावातली निम्मी मानसं माझ्या हातावर जल्मलीत, पाटलाच्या घरातली बी.

आता निवडनुकीचं इचारताय तर सांगते. आमचा आमदार कायम एकच, आन गावात त्याचा मानूस म्हंजे पाटील. आमच्या आळीची मतं पाटलाची मानसं सकाळीच टाकून मोकळी. कुनी इचारायचं न्हाय. दुष्काळाच्या आदल्या निवडनुकीला आमचं मालक धुतलेलं धोतर नेसून शाळंत मत टाकाया गेले, तर केंद्रावरचा साहेब म्हनला तुमचं मत पडलंय. मालक म्हनले, मी हितं उभा हाय की, मग टाकलं कुनी. पाटलानं भर रांगंत त्यांच्या कानाखाली दिली, म्हनला मी टाकलं, काय करतोस. काय सांगू तुमाला, घरी आले, धोतराची घडी घालून ठिवली, ती पुन्यांदा मोडलीच न्हाय. मान वर करून कुनाशी बोलले न्हाईत. दुष्काळ सरता सरता गेले, त्याच धोतरात त्यास्नी नेलं. तवाच मी ठरीवलं, पाटलाची मान खाली झालेली ह्या डोळ्यांनी बघायची. दुसरं कायबी नको हुतं मला.

आणीबाणी उठली, निवडनूक लागली. दुसऱ्या उमेदवाराला केंद्रावर बसायला एजंट पायजे हुता, खरा कोन खोटा कोन सांगायला. गडी समदे भ्याले. मी म्हनले, मी बसते, मला वाचता येत न्हाय पर मानूस वळखायला वाचाया कशाला लागतंय. पाटलाला कळलं तर हसला म्हनं. म्हनला बसू द्या, तिच्या दाल्ल्याचं नाव अजून यादीत हाय, तेच मत टाकतो. त्याला ठावं हुतं, आक्षेप घ्यायचा तर नाव उच्चारावं लागतंय, आन आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडातनं काढत न्हाय, काढलं तर उखान्यात.

दुपारी पाटलाचा पुतन्या बसू आला. साहेबानं नाव इचारलं तर माझ्या मालकांचं नाव सांगितलं की. यादीत वय पन्नास, आन हा पंचविशीतला. पाटील दारात उभा. मी बसूला कानडीत म्हनले, बर्री, कुंडर्री, या मालक, बसा, लई वर्सांनी आला. रांग हसली. साहेब म्हनला, बाई, आक्षेप हाय तर कुनाच्या मतावर, नाव सांगा. एवढा संसार केला, पर अहोच्या पुढं कवा गेले न्हाय. पदर सावरला आन म्हनले, शिवाप्पा. माझा नवरा शिवाप्पा मेलाय, त्याचं मत ह्या पाटलानं खाल्लं, वर त्यालाच मारलं. आन हा बसू हाय, ह्याची नाळ मी कापलीय, ह्याची आई घरात हाय, बोलवा तिला.

बसू मागच्या मागं पळाला. आळीतल्या बायामानसं मग आपली आपली मतं टाकू लागली, आन पाटील खाली मान घालून शाळंभाईर गेला. मी डोळं भरून बघितलं. खोटं कशाला बोलू, लई गोड लागलं. आमदार तोच निवडून आला, पर आमच्या गावच्या पेटीत मातुर हरला. नंतर यादीतनं मालकांचं नाव काढलं. एकदाच नाव घेतलं आन तेबी पुसायलाच.

आता बसूची बायको दिवसात हाय, काल पाटलाच्या घरनं निरोप आला, कळा लागल्या की या. जानार की. बाळंतिनीनं माझं काय वाकडं केलंय. पर उंबऱ्याभाईर उभी ऱ्हानार आन पाटलादेखत बसूला इचारनार, पोराच्या बापाचं नाव काय. त्यानं सोताचं नाव सांगितलं की मग पाय आत टाकीन. लेकराला उदंड औक्ष मिळू दे. पाटलाला बी मिळू दे, त्याला ते इचारनं रोज आठवाया पायजे.