बॅग डाव्या खांद्याला, दुखणं उजव्या

माझं माहेर खेड तालुक्यातलं, आत डोंगराकडे. बापूस भातशेती करायचा, आवस लोकांकडे काजू फोडायला जायची, आम्ही चार बहिणी आणि चौघींत तोंडाळ मी. आवस म्हणायची, हिला कुठेपण टाका, ही बोलून बोलून पोट भरील. तसंच झालं की नाय बघा, बारावी झाले, एसटीत कंडक्टरची भरती निघाली, फॉर्म भरला आणि लागले रत्नागिरीला. तेव्हापासून दिवसभर बोलतेच आहे. पुढे सरका, मागे गाडी मोकळी आहे, आजोबा कोंबडी सीटवर नको खाली ठेवा, ती काय तिकीट काढणार आहे काय. आमचे तात्या म्हणतात, तुझा आवाज मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात चालला असता. तात्या म्हणजे माझे ड्रायव्हर, पन्नाशीचे, सरळ माणूस, बाईमाणसाशी बोलताना रस्त्याकडे बघणारे, म्हणजे तसं ड्रायव्हरने रस्त्याकडेच बघायला पाहिजे म्हणा.

तर अशी मी बोलकी, आणि काय सांगू तुम्हाला, एकदा नऊ दिवस गप्प बसले आणि जिवावर बेतलं.

लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाय. आमचे हे मुंबईला, लिफ्टा दुरुस्त करतात, मी हयसर रत्नागिरीला सासूबरोबर. सासूला मी आईच म्हणते. त्या वर्षी हे शिमग्याला आले, पालखी नाचवली, गेले, आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी चुकली. ती तपासायची पट्टी असते ना, ती मी खेडला जाऊन घेतली, तिकडच्या फेरीवर होते तेव्हा, कारण रत्नागिरीत कुठल्याही मेडिकलात गेलं की तिथला माणूस माझ्या गाडीत कधी ना कधी बसलेला असतोच. दोन रेघा आल्या. मी न्हाणीत एकटीच हसत उभी. आईंना सांगितलं तर त्यांनी देवापुढे नारळ ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, गो बाय, तिसरा म्हयना भरंस्तवर कोणाला बोलायचा नाय, नजर लागते. आमच्यात पहिल्यापासून तसंच आहे. माहेरी पण नाय सांगायचं. नवऱ्याला तेवढं सांगितलं, त्यांनी फोनवर लिफ्टीतच आरडाओरडा केला.

आणि मग दुसऱ्याच दिवसापासून थोडं थोडं अंगावरून जायला लागलं. फार नाय हो, नुसता डाग. ओटीपोटात एका बाजूला दुखायचं, उजवीकडे. आई म्हणाल्या उष्णता असेल, कोकमाचं सरबत घे, गाडीत गचके बसतात ना. मग खांदा दुखायला लागला. कंडक्टर बाईचा खांदा दुखणारच, दिवसभर बॅग लटकवून, हातात मशीन घेऊन उभी, असं मीच मला समजावलं. बाम चोळून ड्युटीवर जायची. सगळी गाडी बामाने घमघमायची, लोक म्हणायचे मॅडमना सर्दी झाली वाटतं. तात्या एकदा म्हणाले, काय गो, आज गाडीत शांतता, मशीन बिघडलं की तू? मी म्हटलं मशीन.

आता गंमत ऐका. माझ्या सकाळच्या गाडीला रोज एक सिस्टर यायच्या, इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डाला होत्या, पहिल्या सीटवर बसायच्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. नऊ दिवस मी त्यांचा पास बघितला, बरा आहे म्हटलं आणि पुढे गेले. विचारायचं नाय सुचलं असं नाय हो, सुचलं होतं. पण तिसरा महिना कुठे भरला होता?

त्या दिवशी तिकिटं काढता काढता डोळ्यांपुढे काळोखी आली. कशीबशी सिस्टरच्या बाजूला जाऊन बसले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं. आमची गाडी तुम्हाला माहीत आहे, चढाला लागली की खिळखिळ्या काचा, गिअरचा घरघराट, स्वतःचं बोलणं ऐकू येत नाय. सिस्टर म्हणाल्या, काय? परत सांगितलं. काय म्हणताय, मोठ्याने बोला. मग माझं पण डोकं फिरलं, मी सगळा जोर लावून ओरडले, मला दिवस गेलेत आणि अंगावरून जातंय! आणि नेमकी त्याच घडीला गुरं आडवी आली, तात्यांनी ब्रेक मारला, गाडी बंद. काय ती शांतता! चाळीस माणसं गाडीत, पोरंटोरं, म्हातारे, आमच्याच आळीतले दोघे जण. नऊ दिवस जपलेली बातमी एका दमात सगळ्या पंचक्रोशीला कळली.

लाजायला सवडच नाय मिळाली. सिस्टरनी माझा हात धरला आणि भराभर विचारायला लागल्या. पाळी चुकून किती दिवस झाले? दुखतं कुठे, एका बाजूलाच का? चक्कर येते? खांदा दुखतो काय? मी म्हटलं, दुखतो, पण तो बॅगेमुळे. बॅग कुठल्या खांद्याला लावता? डाव्या. आणि दुखतो कुठला? मी चोळलेल्या खांद्याला हात लावून बघितला. दुखत होता उजवा! इतके दिवस मी ज्या खांद्याला बाम चोळला त्याला कधी बॅग लागलीच नव्हती.

सिस्टर उठून तात्यांना म्हणाल्या, मध्ये कुठे थांबू नका, गाडी सरळ इस्पितळात घ्या. तात्या रस्त्याकडे बघूनच म्हणाले, बेल द्या कोणीतरी. इतकी वर्षं सवय, बेलशिवाय माणूस गाडी हलवत नाय. भाजीवाल्या एका आजीने उठून दोनदा दोरी खेचली, अशी खेचली की तुटायचीच. मग मधले सगळे स्टॉप गेले, ऑफिस गेलं, कॉलेज गेलं, एक माणूस उतरवा म्हणाला नाय. मला आज पण त्या माणसांची आठवण झाली की भरून येतं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं, गर्भ पिशवीत बसायला पाहिजे तो वाटेत नळीतच बसलाय, तिथे तो वाढू शकत नाही, नळी फाटायला लागलीय, पोटात रक्त साचतंय, खांदा त्यानेच दुखतो. दुपारच्या आत ऑपरेशन, नळी काढली. त्या दिवशी माझी पुढची फेरी खेडची होती, लांबची. ती घेतली असती तर वाटेतच आटपले असते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाय, पण त्यांच्या तोंडावर दिसलं.

शुद्धीवर आले आणि रडले. का नाय रडणार, सात वर्षांनी आलेलं. आई उशाशी बसल्या होत्या, त्या माझ्यापेक्षा जास्त रडत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, आमच्या शेवंतीला पण असाच झाला असेल गो. शेवंती म्हणजे त्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष नाय झालेलं, पोटात कळ आली म्हणून चुलीपाशी बसली ती उठलीच नाय. बाहेरचं काहीतरी लागलं म्हणाले सगळे. आई म्हणाल्या, तिने मला एकटीला सांगितला होता, दिवस गेलेत म्हणून. आणि मीच तिला बोलले होते, कोणाला सांगू नको.

मी त्यांचा हात धरून पडून राहिले.

दोन वर्षांनी परत राहिलं, उरलेल्या एका नळीवर. यावेळी पाळी चुकली तशी दोन आठवड्यांत सोनोग्राफी केली, पिशवीतच आहे म्हणून कळलं, आणि घरी पोचायच्या आत आईंनी सगळ्या आळीला पेढे वाटलेले. आता पोरगी चार वर्षांची आहे, आवाज माझ्या वरताण. मी त्याच गाडीवर आहे, तात्या निवृत्त झाले.

आणि आमच्या आई, बहात्तर वर्षांच्या, कोणाकडे नवी सून आली की काठी टेकत जातात. पोरीला जवळ बसवतात, विचारतात, बाय, पाळी चुकलीय काय, कुठे दुखतंय काय, डाग जातोय काय. पोरी बिचाऱ्या लाजून पुटपुटतात. मग आई कानाला हात लावून म्हणतात, मोठ्याने सांग गो, मला कमी ऐकू येतं. तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते. देव त्यांचे कान असेच ठेवो.