यंत्राच्या कपाळावरचं कुंकू

आदरणीय अध्यक्ष नामदेवराव, व्यासपीठावर बसलेले कुकटपल्लीच्या कारखान्याचे संचालक महोदय, सत्कारमूर्ती एकनाथराव, अलकावहिनी, आणि हिमायतनगरच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला आठ मिनिटं दिली आहेत. मला घड्याळ दिसत नाही, तेव्हा वेळ संपली की टेबलावर टिचकी मारा. मी थांबेन. थांबण्याचं महत्त्व मला आता कळलं आहे.

या मंडळाची मानपत्रं गेली बावीस वर्षं मीच वाचत आले. आजचंही हातात आहे. माझी सून प्रणिता हिनं तीन दिवस वाचून दाखवून ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. पण त्याआधी थोडं बोलू द्या. एकनाथराव परवा नांदेडला कायमचे जात आहेत. या सत्काराला ते तयारच नव्हते. म्हणाले, "कुसुमताई, झालं ते सगळं तुम्ही सांगणार असाल, तरच येतो."

तर सांगते. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडला की डॉक्टर लेझरनं त्याच्या कडेकडेला डाग देतात. मधला ठिपका मात्र सांभाळायचा, कारण आपण वाचतो, माणसं ओळखतो, ते त्या ठिपक्यानं. पण डोळा का कुणाच्या हुकमात राहतो? एकनाथरावांनी नऊ वर्षं खपून एक यंत्रणा केली. एक छोटा कॅमेरा रुग्णाच्या डोळ्यावर नजर ठेवतो आणि डोळा सरकला, तर पापणी लवायच्या आत किरण बंद करतो. तिचं पेटंट मिळालं, तेव्हा याच सभागृहात आपण पेढे वाटले होते. त्यांची खरी बुद्धी तर पुढेच आहे. त्या कॅमेऱ्यालाच काही दिसेनासं झालं, तर किरण सुटतच नाही. ज्याला दिसत नाही त्यानं थांबावं! मी राज्यांचे इतिहास शिकवले, मित्रहो. एवढी साधी अक्कल एका तरी सिंहासनाला होती का?

पण थांबणारं यंत्र कुणाला हवं होतं? दवाखान्यांतून तक्रारी आल्या, "फार अडतं." यंत्र बनवणाऱ्या कारखान्यानं फर्मान काढलं, कॅमेऱ्याचा पहारा बंद करायला किल्ली बसवा. एकनाथराव पंधरा दिवस भांडले. मग पुस्तिकेत 'फक्त दुरुस्तीच्या वेळी' असं छापून घेतलं आणि सही केली. संचालक महोदय, चुळबुळ करू नका. मी पुढे माझंही नाव घेणार आहे.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिकंदराबादच्या एका दवाखान्यात गेले. डावा डोळा साखरेनं आधीच नेला होता. उजवा वाचवायचा होता. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हे आमच्या एकनाथरावांचं यंत्र बरं का!" आणि यंत्र चालेना. तिथल्या नर्स भाग्यलक्ष्मीनं आदल्या दिवशी आयुधपूजेत त्याला हार घातला होता आणि कुंकू लावलं होतं. यंत्राचं कपाळ कोणतं? तिला वर कॅमेऱ्याची वाटोळी काच दिसली. तिथंच बोट टेकलं.

"पुसून टाक," डॉक्टर म्हणाले.

"अय्यो सार, पूजेचं कुंकू मी कशी पुसू? तुम्ही पुसा."

त्यांनीही पुसलं नाही. म्हणाले, "चाबी घुमाओ, बाहर पचास लोगां बैठे हैं."

ती घुटमळली. मला विचारलं, "अम्मा, फिरवू?"

माझं पाच वाजता व्याख्यान होतं. मी म्हणाले, "फिरव गं लवकर."

मग मला खोकला आला आणि डोळा सरकला.

बस. एवढंच. यंत्रानं कुंकवाआडून ओरडून सांगितलं होतं की मला दिसत नाही, थांबा. डोळस माणसं आम्ही तिघं होतो.

एकनाथराव घरी आले, तेव्हा म्हणाले, "ताई, ती किल्ली मीच बसवली."

मी म्हणाले, "आणि फिरवायला मीच सांगितलं."

मग आम्ही दोघं कारखान्यात गेलो, किल्ली काढा म्हणून. उत्तर मिळालं, किल्लीशिवाय यंत्र खपत नाही. या महिन्यातही यंत्रं बाहेर पडली, किल्लीसकट. आणि आज त्याच कारखान्याकडून सत्काराची ही तांब्याची ढाल! मला वाटायचं, शहाणपण सापडलं की माणसं ते वापरतात. आयुष्यभर व्यासपीठांवरून हेच सांगत आले. मुलांनो, मी चुकीचं शिकवलं.

वाजली टिचकी. ऐकली मी.

आता मानपत्र. त्यात एकनाथरावांच्या नऊ वर्षांच्या कष्टांबद्दल, सचोटीबद्दल, साधेपणाबद्दल जे लिहिलं आहे, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. शेवटची ओळ आहे, 'यांच्यामुळे असंख्यांची दृष्टी सुरक्षित झाली.' ती मला पाठ आहे. पण ती किल्ली निघेपर्यंत मी म्हणणार नाही. एकनाथराव, तुम्हीही ती ऐकायला आलेला नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मंडळानं ही जागा दिली, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. आणि एक विनंती. नंतर भेटायला याल, तेव्हा अगदी समोर उभे राहू नका. ज्याच्याकडे बघते, तोच नाहीसा होतो. जरा बाजूला उभे राहा, म्हणजे कडेनं दिसाल.

एकनाथराव, तुम्हीसुद्धा.