न विकलेला टर्बो

माझी जुनी डिझेल जीप चढावर दम सोडायची. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो गेला, असं मीच ठरवलं आणि वापरलेला दुसरा टर्बो शोधत दोन महिने फिरलो. शेवटी काटोल रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे तो मिळाला. जुळवून पाहायला मी माझा टर्बो पाइपासकट काढून नेला होता.

त्यानं बोटानं माझ्या टर्बोचं चाक फिरवलं. “चांगला तर आहे. काहून बदलून राहिले, भाऊ?” मग पाइप वाकवला. खालून चिरलेला. “हवा इथून जाऊन राहिली.”

नवा पाइप घातला आणि जीप चढ सहज चढली. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, “तुमचा टर्बोही देऊन टाका, पुढंमागं लागेल.”

“राहू द्या,” तो म्हणाला. “ज्याचा खरंच गेला, तो कुठंतरी शोधून राहिला असन.”