बंदारिनीच्या घागरीतलं पाणी

सन्माननीय अध्यक्ष शरीफ बदी, मोम्बासाहून आलेले पाहुणे, मकोवेनी गावच्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि जिच्या निरोपासाठी आज हा पिलाव शिजला ती आपली मेजुमा,

आभाराचं काम माझ्याकडे आहे. लिहून आणलेलं भाषण खिशात आहे. ते आता वाचवत नाही.

विहिरीचं मचूळ पाणी यंत्राच्या पडद्यांतून दाबून मेजुमानं आपल्याला गोडं पाणी पाजलं. आपण काय केलं? पहिल्याच दिवशी चहाला नावं ठेवली. 'मास्तर, हिनं पाण्यातला जीवच काढला की!' म्हणालात, आणि चहात चिमूटभर मीठ टाकलंत. हसा, मीही टाकलं होतं.

पण पडद्याअलीकडे जे पाणी उरतं, ते आणखी खारट. त्याचा पाइप पार खडकांपलीकडे, भर समुद्रात न्यायचा होता. आपल्या पाणी समितीनं तो खाडीपल्याड, बंदारिनी वस्तीच्या विहिरीजवळच थांबवला. मेजुमा भांडली. 'काका, त्या माणसांनी काय प्यायचं?' मी म्हणालो, 'पोरी, तिकडं घरं ती किती? बघू पुढं.' वाचलेल्या पाइपातून समितीवाल्यांच्या अंगणात नळ आले. एक माझ्याही अंगणात आहे. मेजुमाची बदली झाली असं आपण सगळे म्हणतोय. बदली तिनं मागून घेतली, हेही सगळ्यांना माहीत आहे.

आणि आज? निघणाऱ्याला प्रत्येक वस्तीनं आपल्या घरचं पाणी पाजायचं, ही आपली रीत. बंदारिनीच्या बी तिमा आजी या वयात होडीतून त्याच विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन आल्या. मेजुमा अख्खा पेला प्याली.

आजी म्हणाल्या, 'अगं, तोंड वाकडं कर की! तुला सवय नाही.'

ती म्हणाली, 'तुम्हाला तरी कुठं होती, आजी?'

मग अध्यक्षांनी घोट घेतला आणि रुमालात टाकला. पेला माझ्याकडे आला. मी तो तोंडालाही न लावता पुढे सरकवला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. मंडळी, मला फार लाज वाटतेय. मान वर करून बोलवत नाही.

पाहुण्यांचे आभार, पिलाव रांधणाऱ्या बायकांचे आभार. मेजुमा, तुझी होडी भरतीला सुटेल. त्याआधी माझ्या अंगणातला नळ निघालेला असेल. तो पाइप तिकडं, समुद्राकडं न्यायच्या पाइपालाच लागणार आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. पाइपाचं मात्र सांभाळून घेऊ नका.

बी तिमा, घागरीत अजून असेल तर मला एक पेला द्या.