शाळेच्या घंटेचा चोर

नाई नाई मॅडम, मागची पानं राहू द्या, ती मले पाठ आहेत — शेवटचं काढा, शेवटचं. मले जोडाक्षरं जमत नाई, चौथीतून सुटलो नं मी, म्हणून तर तुमच्याकडं आलो. आई ही वही कोणाले हात लावू देत नाई; ती सरपणाले गेली तशी उचलली. दीपाली ताईचीच — दर शनिवारी तुमच्या वर्गातल्या पोट्ट्याइले गोष्ट सांगायची नं, तीच वही. वाचा नं. शाळेची घंटा गायब, खाली ओल्या मातीत एकाच पायाचे ठसे, अन् वहीम तिघांवर — झाडू नावाचा भंगारवाला, खिचडीवाली रुखमाबाई अन् खुद्द हेडमास्तर! मग? चोर कोण?

एवढंच? उलटा नं पान. अजून उलटा. कोरं कसं राहील मॅडम — तिले चोर माहीतच असते, तीच तर बनवते… बनवत होती. कशी सांगे, नाई का? डोळे बारीक करून, हळूहळू, अन् ज्याच्यावर कोणाचाच वहीम नाई तोच निघे. मागल्या खेपेले लाडवाचा चोर म्हणून गोष्टीतली आजीच निघाली — शेजारचा चैतू सांगाले आला तवा जेवता जेवता ठसका लागला मले. पण आधी सांगायची नाई. घरचा भाऊ, तरी नाई. "शनिवारी येऊन बस पोट्ट्यांत," म्हणे — एवढा मोठा घोडा मी, पोट्ट्यांत बसू?

त्या दिवशीही हेच. गुरुवार होता. सकाळी मोहफुलं वेचाले गेलो, दोघंच — आई तापानं पडली होती. तुमी बाहेरच्या, तुमाले ठावं नसंल — वेचताना मान खाली असते, मागं कोण आलं दिसत नाई, म्हणून एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं लगेच ओ द्यायची. सारखं. हाक तुटू द्यायची नाई, हे आमाले चालता येते तवापासून ठावं. मी म्हणलं, सांग चोर कोण. ती हसली — "शनिवारी." मले राग आला. असाच येते मले, झटकन. मी दूरच्या झाडामागं गेलो अन्…

नाई, फॉरेस्टवाल्याइले सांगितलं ते वेगळं. हाक आलीच नाई म्हणलं. आईलेही तेच सांगितलं. आली होती मॅडम. "पियुऽष!" — मी गप्प. दुसऱ्यांदा आली. म्हणलं, घाबरू दे, आता म्हणंल, बाबू, सांगते चोर, ओ दे. ती टोपली टाकून शोधाले निघाली — माह्याकडं नाई, नाल्याकडं. तिसरी हाक आली तवा मले हसू येऊन राह्यलं होतं. तोंडावर हात दाबून धरला होता मी, हा असा. चौथी आली नाई. नाल्यात वाघीण होती पिल्लं घेऊन, ते मग समजलं.

म्हणून मले चोर पाहिजे. ज्याच्यासाठी गप्प बसलो ते तरी समजू द्या. तुमी मैत्रीण तिची, तुमाले सांगितलं असंल — काय? परत सांगा. ठरवतच नव्हती? शनिवारी पोट्टे कोणाकोणाचं नाव घेते ते ऐके, अन् ज्याचं कोणीच घेतलं नाई त्याले तिथंच चोर करे? म्हणजे गुरुवारी… म्हणजे तिनं मले काय सांगितलं असतं, तिलेच तवा…

द्या ती वही. नाई, पाणी नोको. हात सोडा मॅडम. पोट्टे आले पाहा मैदानातून — जा तुमी. जा म्हणलं नं, वर्गात जा.