तंगुसावर आलेला माणूस

माझं माहेर युसूफ वडगावाकडचं, गावतळ्याच्या काठाचं. काय सांगू ताई तुमाला, चालाय लागायच्या आधी मला मासा धरता येत व्हता आसं माझा बाप सांगायचा, आन् बाप म्हणजे लई थापाड्या, पर गळ मी त्याच्याकडनंच शिकले हे खरं. जाळं आमच्याकडं न्हवतंच. बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, नखाएवढा गळ, ज्वारीच्या ताटातलं भेंड तरंगायला, आन् गळाला गांडूळ, न्हाईतर हळद घातलेली कणीक. भेंड बुडलं की हिसका मारायचा न्हाई. बाप म्हणायचा, पोरी, तंगूस बारीक हाय, मासा तगडा हाय, तू त्याला येऊ दे, फकस्त सैल सोडू नको.

तिथनं मला दिलं डोंगरपट्टीत. पाणी म्हणजे डोक्यावर आणायची वस्तू. आमच्या मालकाला पवता येत न्हाई, आन् पवणार कुठं, हंड्यात? पर गळ मी शिकवला आन् त्याचा ह्यांना असा नाद लागला की ऊसतोडीला जाताना भाकरी इसरतील, गळाची काठी न्हाई इसरायचे.

आता तोडीचं सांगते, म्हणजे तुमाला कळंल मी कावून भिते. आमी नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. ह्ये तोडत्यात, मी मोळ्या बांधते, दोघांचं मिळून एक. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आन् अर्धी बाई ऱ्हायली की तिचं काय होतं ते मी माझ्या जावंचं बघितलंय, पुढच्या साली तिला गाडीत कुणी बसवंना, घरात कुणी इचारंना. मी सापाला भीत न्हाई, भुताला न्हाई. ह्याला भिते. रांडाव होण्याला भिते म्हणा सरळ.

तर तोडीला निघालो व्हतो, बैलगाडीनं, आन् माजलगावच्या खाली सिंदफणेच्या काठाला गाडी सोडली बैलं धुवायला. नदीत पाणी घोट्याएवढं. मधी एक खडक, त्याच्या पल्याड डोह. ह्ये म्हणले चिलापी आसंल तिथं, आन् काठी घेऊन गेले खडकावर. मी बैलं धुतली, गाडीला जुपली, तवर ह्यांनी चार बोटाएवढे मासे काढलेवते आन् तिथनं दावत व्हते मला, जणू मगरच धरलीय.

तेवढ्यात लांब भोंगा वाजला. मी म्हणले, अवो, कशाचा हो भोंगा. ह्यांनी भेंडावरची नजर काढली न्हाई. म्हणले, अगं कारखान्याचा हाय, गाळप सुरू व्हायच्या आधी वाजवून बघत्यात. मलाबी पटलं की. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर भाकरी खाणारी माणसं आमी, आमाला भोंगा म्हणजे कारखानाच. धरणालाबी भोंगा असतो, दारं उघडायच्या आधी वाजतो, हे कुणाच्या डोक्यात येणार? गावात सांगितलंवतं म्हणं, पर आमी वाटसरू.

मग भेंड पळायला लागलं. मासा न्हाई, काय न्हाई, आन् भेंड आपलं वढीनं खाली चाललंय. पाण्यावर काड्या आल्या, फेस आला, पाणी तांबडं झालं. मी वरडले, अवो, या बाहीर. ह्ये उठले आन् बघत्यात तर घोट्याएवढं पाणी कमरंएवढं झालेलं. एक पाय टाकला, धारंनं घेतला, परत खडकावर चढले. तिथं उभे. त्यांचं त्वांड मला आजबी दिसतं ताई. आन् खरं सांगते, माझं लुगडं वलं झालं, नदीच्या पाण्यानं न्हवं.

आसपास माणूस न्हाई. बैलांचे कासरे सोडले, एकाला एक गाठ मारली, फेकला, पर धार मधनंच घेऊन गेली. दोनदा फेकला. पाणी ह्यांच्या गुडघ्याला. मग गाडीतली माझी काठी दिसली. गळाला शिसं व्हतं, ते जातं लांब. सगळं तंगूस सोडलं आन् टाकला गळ, ह्यांच्या अंगावरच टाकला. ह्यांनी धरला आन् भ्यालेल्या माणसानं काय करावं, मारला हिसका. तुटलं तंगूस.

एकच गळ ऱ्हायलावता. गाठ बसंना, दातानं आवळली. परत टाकला आन् काठीकडचं टोक कासऱ्याला बांधलं. वरडले, अवो, हिसका मारू नका, मासा हाय आसं समजा, त्याला येऊ द्या, सैल सोडू नका! माझा बापच वरडत व्हता म्हणा माझ्या तोंडानं. ह्ये वढत गेले, हळूहळू, आन् त्या दोऱ्यासारख्या तंगुसामागं कासरा पाण्यातनं सरकत गेला. मी डोळे मिटले. देवाचं नावबी आठवंना. उघडले तर कासरा ह्यांच्या हातात.

कमरंला बांधा म्हणले मी, हिकडचं टोक गाडीला बांधलं, बैलाची येसण धरली आन् काढली गाडी चढावर. ह्ये पाण्याखाली गेले. मी मागं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बैल थांबले असते.

काठावर आले तवा नाकात गाळ, आन् गळ तळहातात घुसलेला. वकले, खोकले, आन् पहिला बोल काय, मासे ऱ्हायले गं तिकडं. मी दोन चापट्या दिल्या त्यांना, नवरा असून, आन् मग गळ्यात पडून रडले.

आता ह्या पाचटाच्या कोपीत ऱ्हातो, कारखान्याच्या अंगालाच. देवानं एक कोयता ठिवला, आणखी काय मागू. तुमचंबी कुकू राखू दे देव. पर ह्यो भोंगा... ऐका. वाजला बघा. ते तिथं आडवे झाल्यात, ऊस तोडून दमलेत, तरी मी उठून त्यांच्या तळहातावरला वण चाचपून येणार, रोजच येते. ते डोळं न उघडता म्हणत्यात, अगं कारखान्याचा हाय.

म्हाईत हाय मला. त्या दिवशीबी कारखान्याचाच व्हता.